ट्रेलरवरून ट्रॅक्टर नेताना सायलेन्सरचं तोंड झाका आणि चावी त्याच झाकणाला बांधा

मुलुंडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांनी आणि त्यांच्या भावाने मिळून बारामतीकडून 2020 चा, 55 एचपीचा टर्बोवाला ट्रॅक्टर घेतलाय, तो ट्रेलरवर टाकून पालघर जिल्ह्यातल्या वाड्याला शेतावर न्यायचाय, जूनच्या शेवटच्या आठवड्यात, चिखलणीच्या आधी. एक्स्प्रेसवेने खाली उतरायचं, कळंबोलीला रात्रभर थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी भिवंडीवरून पुढे. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो इंजिन बंदच असणार, सायलेन्सरला काही लावायची गरज नाही. भाऊ म्हणतो पावसाळा आहे, फडकं कोंबून टाकू. ताई विचारतायत कोणाचं ऐकायचं.

ताई, सरळ सांगतो, दोघांचंही नको. सायलेन्सरचं तोंड झाकायचंच, पण बाहेरून, आणि अशा पद्धतीने की ते झाकण काढल्याशिवाय कोणाला स्टार्टर मारताच येऊ नये. मी कळंबोली-तळोजा पट्ट्यात डिझेल इंजिनांचंच काम करतो, ट्रॅक्टर, जनरेटर, जेसीबी सगळं येतं आमच्याकडे, आणि ट्रेलरवर मशीन चढवताना-उतरवताना पण बऱ्याचदा मला बोलावतात. "इंजिन बंद आहे म्हणजे काही होत नाही" हे वाक्य ऐकलं की मला काळजीच वाटते, कारण ट्रेलरवर इंजिनाचं जे नुकसान होतं ते बंद असतानाच होतं, फक्त कळतं चालू करताना, आणि तोपर्यंत ट्रेलरवाला पैसे घेऊन निघून गेलेला असतो.

तुमचा टर्बोवाला आहे म्हणून आधी टर्बोचं सांगतो. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा. त्यात एक बारीक शाफ्ट असतो, त्याच्या एका टोकाला धुराच्या बाजूचं चाक आणि दुसऱ्या टोकाला हवेच्या बाजूचं. मधे आपल्या ट्रॅक्टरांच्या टर्बोत बॉल बेअरिंग नसतात, बुश असतात, आणि शाफ्ट त्या बुशात तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ते तेल कोण पाठवतं तर इंजिनचा ऑइल पंप, आणि पंप कधी फिरतो तर इंजिन फिरलं तरच. आता विचार करा, ट्रेलर 60-70 च्या स्पीडने घाटाखाली उतरून सपाटीला लागलाय, सायलेन्सरच्या उघड्या तोंडावरून सतत जोरात वारा चाललाय, तो तोंड पुढे असेल तर हवा आत ढकलतो आणि मागे असेल तर आतली हवा बाहेर ओढतो, आणि पलीकडे एअर क्लीनरची वाट उघडीच आहे. इंजिन कुठल्या जागी येऊन थांबलंय, कुठल्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह, म्हणजे हवेच्या-धुराच्या झडपा, किती उघडे राहिलेत, यावर हवेला आरपार वाट मिळते की नाही ते ठरतं आणि हे बाहेरून बघून कोणालाच सांगता येत नाही. वाट मिळाली की टर्बोचं चाक भिरभिऱ्यासारखं फिरत राहतं, तासन् तास, आणि तेलाचा दाब शून्य. सुरुवातीला बुशात उरलेलं तेल सांभाळून घेतं, ते निथळलं की धातू धातूला घासायला लागतो.

आता इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. एका फेरीत टर्बो खलास होतो असं कोणी सांगत असेल तर ते वाढवून सांगणं झालं. वाऱ्याने फिरणारा टर्बो काम करताना फिरतो त्याच्या जवळपासही नसतो, कामात तो मिनिटाला लाखभर फेरे मारतो. पण घासलेला बुश परत भरून येत नाही, शाफ्टला ढील येते, मग सील मधून तेल झिरपायला लागतं, निळा धूर, हवा कमी, ताकद कमी, आणि वर्षभराने मालक म्हणतो टर्बोच खराब दिला मला. कॅटरपिलरसारख्या कंपन्या आपल्या मशीनच्या पुस्तकात साफ लिहितात की मशीन वाहून नेताना एक्झॉस्टचं तोंड झाका, कारण इंजिन बंद असताना टर्बो फिरला तर तो खराब होऊ शकतो. एका जुन्या ट्यूबच्या तुकड्यात जर ही कटकट मिटत असेल तर ती न करण्याचं कारण मला तरी सापडत नाही.

ज्यांचा ट्रॅक्टर बिनटर्बोचा आहे, आणि आपल्याकडे 35-45 एचपीतले जुने बहुतेक तसेच आहेत, त्यांना वाऱ्याची भीती नाही. पण पावसाची सगळ्यांना आहे, आणि माझ्या मते मुंबईच्या बाजूला तोच मोठा शत्रू आहे.

लोकांना वाटतं एवढ्याशा नळीतून किती पाणी जाणार. हिशोब करून बघा. नळीचा आतला व्यास 60 मिलिमीटर धरा, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ झालं साधारण 28 चौरस सेंटिमीटर. 100 मिलिमीटर पाऊस पडला तर त्यातून 280 मिली पाणी आत गेलं. जून अखेर-जुलैत मुंबई-पनवेलकडे एका दिवसात 100 मिलिमीटर पडला तर आपण त्याची बातमीसुद्धा नीट वाचत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासात 944 मिलिमीटर पडला होता, तसल्या दिवशी उघडी नळी राहिली तर अडीच लिटरच्या वर पाणी. आता दुसरी बाजू बघा. 3 सिलिंडरचं 3000 सीसीचं इंजिन असेल तर एका सिलिंडरचे 1000 सीसी, कॉम्प्रेशन 18 ला 1, म्हणजे हवा दाबून अठराव्या हिश्शाएवढी होते असं धरलं तर पिस्टन अगदी वर आल्यावर त्याच्या डोक्यावर जागा उरते फक्त 60 मिलीच्या आसपास. त्यापेक्षा जास्त पाणी त्या सिलिंडरमध्ये असेल आणि तुम्ही स्टार्टर मारला तर पिस्टन वर जाऊच शकत नाही, हवा दाबली जाते पण पाणी दाबलं जात नाही. मग वाकतो कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालून ढकलणारी दांडी.

सगळं पाणी सिलिंडरपर्यंत पोचतं असं नाही. बरंचसं सायलेन्सरच्या पोटात राहतं, काही मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या धुराच्या नळ्यांच्या, कोपऱ्यात, टर्बोवाल्या इंजिनात टर्बोच्या धुराच्या बाजूच्या घरात साचतं. पण ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहून इंजिन थांबलंय, त्यात जायला त्याला कोणी अडवत नाही. आणि रॉड वाकण्याइतकं नाही गेलं तरी थोडं पाणी लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, चार-आठ दिवस राहिलं तर गंज धरतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, टर्बोचं चाक गंजून जाम होतं. मुंबईच्या बाजूची हवा दमट आणि खारी, इथे गंजायला महिना लागत नाही.

अजून एक, ट्रेलर चालतो किती तास आणि उभा राहतो किती तास हे बघा. तुमचा प्रवास पाच-सहा-सात तासांचा असेल, पण कळंबोलीला रात्रभर उभा, मग ठाण्याच्या हद्दीत जड गाड्यांना दिवसा ठरावीक वेळात बंदी असते म्हणून परत कुठेतरी कडेला उभा, मुंब्रा बायपासला जाम लागला तर तिथे उभा. हे सगळे तास वरून पाऊस आणि खाली उघडी नळी. म्हणून ड्रायव्हर जेव्हा म्हणतो "अहो पाच-सहा तासात तर पोचतो, काय पाणी जाणार", तेव्हा तो फक्त स्टिअरिंगवर बसायचे तास मोजत असतो.

काहींच्या सायलेन्सरवर ती बिजागरीची टोपी असते, धुराच्या दाबाने उघडते आणि इंजिन बंद झालं की आपोआप पडते. शेतात उभ्या ट्रॅक्टरला ती पुरते. ट्रेलरवर नाही पुरत. वाऱ्याने ती फडफडते, आणि ट्रॅक्टर ट्रेलरवर उलटा म्हणजे तोंड मागे करून चढवला असेल तर टोपीची उघडणारी बाजू नेमकी वाऱ्यासमोर येते, मग ती उचलली जाऊन उघडीच राहते, नाहीतर बिजागरी तुटून कुठेतरी खोपोलीच्या आसपास पडून जाते. वाकड्या तोंडाच्या नळीचंही तेच, ट्रॅक्टर सरळ असताना तोंड मागे असतं म्हणून चालतं, उलटा चढवला की तेच तोंड पुढून येणारा वारा आणि पाऊस दोन्ही गिळतं. टोपी असेल तर ती तारेने खाली बांधा आणि वरून झाकाच.

झाकायचं कशाने ते सांगतो. फडकं कोंबायचं नाही हे आधी सांगितलं, कारण तीन. एक तर ते भिजून पाणी आतच सोडतं, दुसरं ते आत सरकतं आणि बाहेरून दिसत नाही, आणि कोणी न बघता इंजिन चालू केलं तर धुराला वाट नाही, इंजिन गुदमरतं किंवा ते जळकं फडकं सायलेन्सरच्या आत अडकून बसतं. प्लास्टिकची पिशवी रबरबँडने लावतात ती वीस किलोमीटरही टिकत नाही, चिंध्या होतात. सगळ्यात चांगलं म्हणजे ट्रकच्या जुन्या ट्यूबचा वीतभर चौकोनी तुकडा, कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मिळतो, तो तोंडावर ताणून घ्यायचा, कडा खाली दुमडायच्या आणि पाईपला लावतात ती स्क्रूवाली होस क्लिप आवळून टाकायची. रबर ताणलेलं असलं की पाणी वर साचत नाही. क्लिप नसेल तर बाइंडिंगची तार दोन वेढे, पक्कडीने पीळ देऊन. दुसरा उपाय पत्र्याचा डबा, दूध पावडरचा किंवा रंगाचा, नळीपेक्षा थोडा मोठा, उलटा घालायचा आणि कडेला दोन भोकं पाडून तारेने खाली सायलेन्सरच्या ब्रॅकेटला बांधायचा. डब्याचा फायदा असा की तो लांबून दिसतो. तोटा असा की ढिला राहिला तर रस्ताभर वाजतो आणि शेवटी उडतो, मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या अंगावर पत्र्याचा डबा जाणं ही फार वाईट गोष्ट आहे, म्हणून मी ट्यूबच सांगतो. नुसत्या टेपवर विश्वास ठेवू नका, गंजलेल्या आणि काजळी धरलेल्या पत्र्यावर ती ओल्यात धरत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. तिथेच, त्या क्लिपला, एक सुतळी बांधा, ती स्टिअरिंगच्या दिशेने खाली आणा आणि ट्रॅक्टरची चावी त्या सुतळीच्या टोकाला घट्ट बांधून पिशवीत घालून ठेवा. सुतळी एवढीच लांब ठेवा की चावी स्विचपर्यंत पोचणारच नाही. मग वाड्याला रात्री आठ वाजता पावसात कोणीही ट्रॅक्टर उतरवायला चढला तरी चावीसाठी त्याला झाकण काढायला वर हात घालावाच लागेल. कागद चिकटवणं, ड्रायव्हरला तोंडी सांगणं, हे सगळं करून बघितलेलं आहे लोकांनी, कागद भिजतो आणि ड्रायव्हर बदलतो.

एअर क्लीनरची बाजू विसरू नका. बॉनेटवर ते प्री-क्लीनरचं भांडं असतं त्याच्यावर जाड प्लास्टिक घालून दोरीने बांधा. टर्बो असेल तर दोन्ही बाजू बंद केल्याने हवेला आरपार वाटच राहत नाही. ज्यांचा एअर क्लीनर ऑइल बाथचा आहे, म्हणजे खाली वाटीत तेल असतं तो, त्यांनी चढवायच्या आधी तेल खुणेपर्यंतच आहे ना बघा. जास्त भरलेलं असेल तर रॅम्पवर तिरकं होताना आणि रस्त्याच्या हादऱ्यात ते वर नळीत चढतं आणि पहिल्या स्टार्टला इंजिन ते तेल ओढतं. डिझेल इंजिन तेलावरही पळतं, आणि त्या वेळी स्टॉपर, म्हणजे डिझेल तोडून इंजिन बंद करायची दांडी, ओढून बंद होत नाही, म्हणून ही गोष्ट हलक्यात घेऊ नका.

क्रम असा ठेवा. ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवला की लगेच बंद करू नका, तीन ते पाच मिनिटं स्लो वर चालू द्या म्हणजे टर्बो तेल मिळत असताना थंड होतो. मग बंद करा. मग साखळ्या, ठोकळे, बेल्ट ही सगळी बांधाबांध करा, त्यात अर्धा तास जातोच. तोपर्यंत सायलेन्सर हात लावण्याइतका थंड होतो, आणि मग झाकण सगळ्यात शेवटी. गरम सायलेन्सरवर रबर लावलं तर ते वितळून चिकटतं, आणि ताडपत्री टाकली तर धूर निघायला लागतो. ट्रेलरवर आग अशा साध्या घाईतूनही लागू शकते.

चढवायच्या बाबतीत थोडक्यात, ट्रॅक्टरचं वजन मागच्या चाकांवर जास्त असतं, रॅम्प उभा असेल तर पुढे तोंड करून चढताना पुढची चाकं उचलली जाऊ शकतात आणि तो मागे पलटू शकतो, यात माणसं गेलीत. लो-बेड म्हणजे कमी उंचीचा ट्रेलर मागवा, त्याचा रॅम्प कमी उभा असतो. तरी उभा वाटला तर रिव्हर्समध्ये चढवा, पण मग वर सांगितलेलं वाऱ्याचं गणित उलटं होतं हे लक्षात ठेवा. बॉनेटचंही तसंच आहे, बिजागरी स्टिअरिंगच्या बाजूला असेल आणि ट्रॅक्टर सरळ उभा असेल तर वारा बॉनेटच्या पुढच्या फटीत शिरतो, जुन्या ट्रॅक्टरचं लॉक ढिलं असेल तर बॉनेट उघडून मागे आपटतं आणि जाताना सायलेन्सर घेऊन जातं. एक बेल्ट बॉनेटवरून आडवा, खाली गोणपाट घालून, हलकाच आवळून.

बांधताना साखळी कुठेही सायलेन्सरवरून, स्टिअरिंगच्या रॉडवरून किंवा पत्र्यावरून नेऊ नका. पुढे फ्रंट अॅक्सलच्या ब्रॅकेटला, मागे अॅक्सल हाऊसिंगला किंवा ड्रॉबारला, चार कोपऱ्यांना चार, पुढच्या पुढे ओढणाऱ्या आणि मागच्या मागे. चाकांना लाकडी ठोकळे, हँडब्रेक लॉक, रोटाव्हेटर किंवा नांगर काढून वेगळा बांधा, अवजार जोडायच्या मागच्या लिंक खाली टेकवून ठेवा. बेल्ट नायलॉनचा असेल तर तो गरम सायलेन्सरपासून लांब. पाच-दहा किलोमीटर गेल्यावर एकदा थांबून सगळं परत ताठ करून घ्या, साखळ्या बसतात आणि ढिल्या पडतात.

सायलेन्सर स्वतः कसा आहे ते पण बघून घ्या, कारण जुना ट्रॅक्टर आहे. फ्लँजचे नट ढिले असतील, ब्रॅकेट तुटलेला असेल, तर रस्ताभर ती उभी नळी हलत राहते आणि सगळा ताण येतो खाली बिडाच्या मॅनिफोल्डवर. बीड वाकत नाही, तडकतं. काही मॉडेलला नळी थेट टर्बोच्या फ्लँजवर उभी असते, तिथे तर तडा टर्बोच्या घरालाच जातो. भिवंडी-वाडा रस्त्याचे खड्डे तुम्हाला माहिती आहेतच, आणि पुढे शेताकडे वळलात की वर झाडाच्या फांद्या आणि लोंबकळणाऱ्या वायरी. ट्रेलरवर चढल्यावर ट्रॅक्टरचा सगळ्यात उंच भाग बहुतेक वेळा सायलेन्सरच असतो, आणि फांदी पहिली त्यालाच लागते. माझं स्पष्ट मत असं की तुमच्यासारखा शेवटचा रस्ता गावातला, झाडीतला असेल तर सायलेन्सर सरळ काढून ठेवा. दोन किंवा चार नट असतात, आदल्या दिवशी डिझेल टाकून ठेवलं तर सुटतात, नाहीतर तापवून सोडवायचे, जोर करून स्टड तोडायचा नाही. काढल्यावर खाली जे उघडं तोंड राहतं ते मात्र आता आणखी धोक्याचं, कारण तिथून पाणी थेट आत जातं, म्हणून तिथे लाकडी पट्टी किंवा पत्रा रबराच्या तुकड्यासकट त्याच नटांनी आवळून टाका. निर्यातीचे ट्रॅक्टर न्हावा शेव्याला कंटेनरमध्ये भरतात तिथेही उंचीचा प्रश्न येतो, साध्या कंटेनरचा दरवाजा 2.28 मीटरच असतो, उभ्या नळीसकट बरेच ट्रॅक्टर त्यात जातच नाहीत.

उंची मोजून घ्या, अंदाजाने नको. रस्त्यापासून सायलेन्सरच्या टोकापर्यंत टेप लावून आकडा ड्रायव्हरच्या मोबाईलमध्ये लिहून द्या. मुंबईच्या बाजूने वळावं लागलं तर रेल्वेखालचे सबवे टाळा, अंधेरी, मिलन, मालाड हे तर पावसात तुंबतातच.

"मग चालवतच आणला तर?" असंही भाऊ म्हणाला म्हणे. एक्स्प्रेसवेवर ट्रॅक्टरला बंदी आहे, अटल सेतूवरही ट्रॅक्टर चालत नाही. जुन्या हायवेने येता येईल पण बोरघाटात पावसात, जड ट्रकांच्या मधे, नवीन हाताने, नको. ट्रेलरचा निर्णय बरोबर आहे तुमचा.

किरकोळ गोष्टी, डिझेल अर्धी टाकी ठेवा, कॉक बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढून टोकाला टेप. पाणी, तेल, कूलंट जिथून गळतंय तिथे निघायच्या आधी फोटो काढा.

आता उतरवताना. इथे घाई होते, पाऊस असतो, ट्रेलरवाल्याला परत जायचं असतं, आणि नेमकं इथेच इंजिन मरतं. आधी झाकण काढा, एअर क्लीनरचं प्लास्टिक काढा. वाटेत झाकण निघालं होतं का ते बघा. निघालेलं असेल, फाटलेलं असेल, किंवा सायलेन्सर हलवल्यावर आत पाणी खुळखुळल्याचा आवाज आला, तर स्टार्टरला हातच लावायचा नाही, खाली सांगतो ते करायचं. झाकण जागेवर आणि कोरडं असेल तरी ऑइलची पट्टी काढून बघा, तेल पांढरट झालं असेल किंवा पातळी वाढली असेल तर थांबा. सगळं ठीक असेल तर स्टॉपर ओढून ठेवून दहा-पंधरा सेकंद स्टार्टर फिरवा, म्हणजे इंजिन चालू न होता तेलाचा दाब येतो आणि टर्बोपर्यंत तेल पोचतं. मग स्टॉपर सोडून चालू करा, तीन-चार मिनिटं स्लो वर ठेवा, रेस अजिबात देऊ नका, आवाज ऐका. शिट्टीसारखा किंवा घासल्यासारखा आवाज टर्बोकडून आला तर बंद करा आणि दाखवून घ्या. हे सगळं ट्रेलरवर उभं असतानाच करायचं, उतरताना इंजिन मध्येच बंद पडायला नको, रॅम्पवर इंजिन बंद म्हणजे स्टिअरिंग जड होतं आणि इंजिनाचा आधारही जातो.

पाणी गेल्याचा संशय असेल तर. स्टार्टर एकदाच "टक" करून थांबला, इंजिन फिरलंच नाही, आणि बॅटरी चांगली आहे, तर बहुतेक लोक काय करतात, बॅटरी बदलतात, जंपर लावतात, आणि शेवटी दुसऱ्या ट्रॅक्टरने टोचन लावून ओढतात. हे करू नका, हात जोडून सांगतो. गेल्या पावसाळ्यात पेणकडचा एक ट्रॅक्टर आला होता आमच्याकडे, ट्रेलरवरून उतरवला, स्टार्ट होईना, चार जणांनी मिळून टोचन लावून तिसऱ्या गिअरमध्ये ओढला. झटक्यात एक रॉड वाकला, तो पुढच्या फेऱ्यात लायनरच्या कडेला घासला आणि लायनर फुटला. पाणी फार तर चहाच्या कपभर असेल. स्टार्टर अडकला तेव्हाच थांबले असते तर अर्ध्या दिवसाचं काम होतं, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझल काढायच्या, पाणी बाहेर, तेल बदललं, झालं. त्याऐवजी ब्लॉकच उघडावा लागला आणि त्या माणसाची लावणी गेली. मला त्या इंजिनापेक्षा त्या माणसाचं वाईट वाटलं, कारण त्याची काहीच चूक नव्हती, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

तर बरोबर पद्धत अशी. स्टॉपर ओढा, गिअर न्यूट्रल, आणि पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने हळू फिरवा, पूर्ण दोन फेरे. दोन का, तर फोर स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यात प्रत्येक सिलिंडर एकदा कॉम्प्रेशनवर येतो. कॉम्प्रेशनला जड लागणं वेगळं, हळूहळू दाब सुटतो आणि पुढे जातं. पण कुठे एकदम भिंत लागल्यासारखं थांबलं आणि हलेनाच, तर तिथे पाणी आहे. जोर करू नका. मेकॅनिकला बोलावून सगळ्या नोझल काढा, मग स्टार्टर थोडा थोडा फिरवा, पाणी भोकातून उडतं, तोंड बाजूला ठेवा. सगळं निघालं की प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल टाका, परत हाताने फिरवा, सायलेन्सर काढून उलटा करून पाणी काढा, टर्बोच्या घरातलं पुसून घ्या आणि चाक बोटाने फिरतंय का बघा. शाफ्टला बाजूला किंचित हलका खेळ असतो तो चालतो, पण आतबाहेर हाताला जाणवेल इतका खेळ असेल किंवा पात्याचं टोक घराला घासल्याची खूण असेल तर टर्बो काढून दाखवा. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, अर्धा तास चालवून परत ऑइल बघा, पांढरट वाटलं तर परत बदला. आणि हे पाणी शिरल्या शिरल्या करायचं, "आता लावणी होऊ दे मग बघू" म्हणून आठ दिवस ठेवलं तर रिंगा आणि लायनर गेलेच समजा.

तुमचा 2020 चा आहे म्हणजे साधा मेकॅनिकल पंप असणार, वरचं सगळं त्याला लागू आहे. 50 एचपीच्या वरच्या नवीन ट्रॅक्टरना जानेवारी 2023 पासून ट्रेम 4 चे, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे, नियम लागले, त्यात कॉमन रेल (सगळ्या नोझलना जास्त दाबाने डिझेल देणारी एकच नळी) आणि सेन्सर असतात, ओढायचा स्टॉपर नसतो, अशांच्या नोझल घरी उघडू नका, रेलमध्ये दाब फार जास्त असतो, कंपनीच्या माणसालाच बोलवा. झाकायचं, चावी बांधायची, सायलेन्सर थंड होऊ द्यायचा हे मात्र त्यांनाही सारखंच.

ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडू नका, फक्त एवढं आधी ठरवून घ्या की झाकण तुम्ही लावणार आणि तुमच्या माणसाशिवाय कोणी काढणार नाही, आणि कळंबोलीला ट्रेलर लागला की ड्रायव्हरने सायलेन्सरचा एक फोटो पाठवायचा. भाऊ सोबत येतोय तर त्याच्याजवळ एक पक्कड, होस क्लिप दोन जास्तीच्या, ट्यूबचा एक जास्तीचा तुकडा, पुलीच्या नटाला बसणारा पाना आणि टॉर्च एवढं द्या. पुलीच्या नटाचा पाना बारामतीलाच लावून बघून घ्या, वाड्याला रात्री तो साईज शोधत फिरायला लागू नये.